पाठ्यपुस्तकाच्या शेजारचं पुस्तक

पोरांनो, जूनमध्ये नवी पुस्तकं हातात पडली की पुठ्ठे घालून, नावाच्या चिठ्ठ्या लावून ती दप्तरात टाकू नका. त्यातलं भाषेचं पुस्तक, मराठी असो की गुजराती, शाळेत शिकवायला घेण्याआधी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढा. पेन हातात घ्यायचं नाही, रेघा मारायच्या नाहीत, स्वाध्यायाकडे बघायचंसुद्धा नाही. गोष्ट म्हणून वाचा. एकदा का तो पाठ 'महत्त्वाचे प्रश्न' होऊन गाइडमध्ये शिरला, की तो गोष्ट म्हणून पुन्हा भेटत नाही. मी वर्गावर उभी राहून वर्षानुवर्षं हेच पाहत आले. जूनमध्ये पुस्तक आवडीने वाचणाऱ्या पोराला मार्चमध्ये त्याची भीती वाटत नाही.

सगळे पाठ आवडतील असं मात्र नाही. जो रटाळ वाटेल तो रटाळच आहे असं खुशाल म्हणा, पण अभ्यास पुरा करा. नावडता पाठ आधी उरकायचा आणि आवडतं पुस्तक नंतर उघडायचं, हा क्रम बदलू नका. आवडतं पुस्तक आधी हातात घेतलं तर डोक्यावर अभ्यासाचं ओझं राहतं आणि त्या पुस्तकाचीही गोडी लागत नाही.

आता सुरतेतल्या कतारगामच्या आपल्या खानदेशी घरांचं सांगते. उधना, लिंबायतला मराठी शेजार आहे. इथे आपली घरं विखुरलेली. शेजारीपाजारी सौराष्ट्रातून आलेली, हिऱ्याच्या घंटीवर बसणारी कुटुंबं. पोरं शाळेत गुजराती लिहितात, आजीशी अहिराणी बोलतात आणि मराठी पुस्तक म्हणाल तर घरात पंचांगाखेरीज काही नसतं. अशा पोराला 'मराठी वाच' म्हणून दटावू नका. ज्या लिपीत त्याचा डोळा भरभर धावतो, त्याच लिपीत त्याला आधी आनंदाने वाचू द्या. गुजराती वाचली तरी वाचनाची सवय तीच. आणि त्यासाठी लांब जायलाही नको. बकोर पटेल या बोकडाच्या आणि त्याच्या शकरी पटलाणीच्या गोष्टी हरिप्रसाद व्यासांनी लिहिल्या, त्या 1936 ते 1955 या काळात 'गांडीव' या मुलांच्या पाक्षिकात आल्या, आणि त्या छापणारं गांडीव साहित्य मंदिर सुरतचंच. आपल्या शहरात तयार झालेली ही मजा आपल्याच पोरांना ठाऊक नसावी, याचं मला फार वाईट वाटतं. गुजराती अक्षरांवर शिरोरेघ नाही, एवढा फरक सोडला तर कितीतरी अक्षरं देवनागरीसारखीच आहेत. इकडून तिकडे जाणारा डोळा लवकर सरावतो. आधी बकोर पटेल, मग मराठी फास्टर फेणे, असं ज्यांच्या घरी झालं त्यांना दोन्ही भाषा सोप्या गेल्या.

मराठी पुस्तकं आणायची कुठून, असं आयाबाया विचारतात. आखाजीला किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाता ना? येताना पापड-कुरडयांच्या पिशवीत दोन पुस्तकं ठेवा. सुरतहून निघालेली भुसावळची गाडी नंदुरबार, दोंडाईचा करत अमळनेरला थांबते. त्या गावी साने गुरुजी शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढत. विचार करा, दिवसभर वर्गात शिकवायचं आणि त्यावर मुलांना वाचायला रोज काहीतरी वेगळं स्वतः लिहून द्यायचं. पाठ्यपुस्तकाने मुलाचं पोट भरत नाही हे त्या माणसाला पक्कं कळलं होतं. 'श्यामची आई' त्यांनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात 42 रात्री आहेत. उन्हाळ्याची सुट्टी 35 दिवसांची, वर एक आठवडा घाला, आणि रोज एक रात्र वाचा. कुणीतरी मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. शाळेत त्यातला एखादा उतारा भेटतो, त्यावर 'लेखकाला काय म्हणायचे आहे' असा प्रश्न असतो. ज्याने अख्खं पुस्तक ऐकलंय त्याला त्या प्रश्नाचं उत्तर पाठ करावं लागत नाही.

हाच माझा मुख्य कानमंत्र आहे. पाठ आवडला तर तो ज्या पुस्तकातून घेतला ते पुस्तक शोधा. पाठाच्या सुरुवातीला नाहीतर शेवटी लेखकाचा परिचय असतो, त्यात पुस्तकांची नावं असतात. परीक्षेला येत नाही म्हणून तो भाग पोरं गाळतात, आणि पुढच्या वाचनाचा पत्ता नेमका तिथेच दिलेला असतो. बहिणाबाईंची एक कविता पुस्तकात आली, तर त्यांच्या बाकीच्या कविता आजीला वाचून दाखवा. जे शब्द तुम्हाला अडतील ते खानदेशातली आजी चुटकीसरशी सांगेल.

गिजुभाई बधेका हे नाव आपल्या सौराष्ट्री शेजाऱ्यांना विचारा. भावनगरचे, वकिली सोडून शिक्षक झालेले. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला मास्तर चौथीच्या वर्गात जातो, आल्या आल्या गोष्टी सांगायला लागतो, आणि सगळ्यांनी तेच ते पाठ्यपुस्तक विकत घेण्याऐवजी त्या पैशांत वेगवेगळी पुस्तकं आणून वर्गाचं ग्रंथालय करू या म्हणतो. पाठ्यपुस्तकं तर आता घ्यावीच लागतात. पण एका इमारतीतल्या पाच घरांनी पाच निरनिराळी पुस्तकं आणून ती फिरवायला कुणाची परवानगी लागते? गोटालावाडीत राहा की वेडरोडला, एवढं कुणालाही जमेल.

फुकट वाचायचं असेल तर बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे, नोव्हेंबर 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर उघडता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी आणि गुजराती दोन्ही भाषांत गोष्टी आहेत. मात्र मोबाइलवर वाचायचं तर आईच्या शेजारी बसून वाचा, नाहीतर दोन पानांनंतर बोट भलतीकडेच जातं.

आईबापांना दोन गोष्टी हात जोडून सांगते. मुलाने मजेसाठी पुस्तक वाचलं की लगेच 'काय शिकलास' म्हणून विचारू नका. आणि आवडलं नाही म्हणून अर्ध्यावर टाकलं तर टाकू द्या. पुस्तक अर्ध्यावर सोडायची मुभा फक्त याच वाचनात असते, ती काढून घेतलीत तर तेही गृहपाठच झालं. बाप कारखान्यातून रात्री थकून येतो, हे मला दिसतं. त्याने शिकवणी घेऊ नये. जेवणानंतर पोराला म्हणावं, मला दोन पानं वाचून दाखव. स्वतःला लिहितावाचता येत नसेल तरी हे करता येतं, आणि पोराला बापासमोर वाचण्याचा केवढा अभिमान वाटतो!

दहावीच्या वर्षी घरोघरी आधी गोष्टीचं पुस्तक कपाटात बंद होतं. तसं करू नका. दिवाळीच्या 21 दिवसांत एक जाडजूड पुस्तक पुरं करा, मग मार्चपर्यंत नवं काही सुरू करू नका. तोवर झोपण्याआधी आधीच वाचलेलं, ओळखीचं पुस्तक उघडा. त्याला उत्सुकतेची ओढ नसते, म्हणून जागरण होत नाही, आणि प्रमेयं-समीकरणांनी तापलेलं डोकं शांत होतं. दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

तापीपलीकडे, कॉजवे ओलांडला की रांदेर. तिथल्या शाळेत 1852 मध्ये गुजराती कवी नर्मद शिक्षक म्हणून लागला होता. पुढे त्याने मास्तरकी सोडली, लेखणीवर जगायचं ठरवलं आणि एकट्याच्या बळावर 'नर्मकोश' हा गुजराती शब्दकोश उभा केला. त्याच्याच नावाचं महापालिकेचं मोठं ग्रंथालय घोडदोड रोडवर आहे. या महिन्यातल्या एका रविवारी पोराला घेऊन तिथे जा. कपाटासमोर त्याला एकट्याला उभं राहू द्या, आणि तो जे पुस्तक उचलेल त्याला नाही म्हणू नका.