तीन वाटांची शर्यत

जळगावहून एरंडोल व पारोळा ही गावे मागे टाकीत धुळ्यास जाणारा रस्ता सुमारे ९० किलोमीटरांचा आहे. वैशाखातील दुपारी मोटारीतील प्रवाशालाही तो संपता संपत नाही. अशी कल्पना करा, की एखादा मनुष्य पहाटे १.९ किलोमीटर पोहला, पाण्यातून निघताच सायकलीवर बसून त्याने ही सारी वाट तोडली आणि धुळ्यास विसावा न घेता तो आणखी २१.१ किलोमीटर धावला. मध्यम पल्ल्याच्या 'ट्रायथलॉन' शर्यतीत एवढेच श्रम करावे लागतात. हे ११३ किलोमीटर साधारणतः साडेआठ तासांच्या आत पुरे व्हावे लागतात.

अशा दीर्घ शर्यतींचा उगम एका वादातून झाला. पोहणारा, सायकल चालविणारा व धावणारा यांपैकी सर्वांत काटक कोण, असा प्रश्न हवाई बेटांवरील काही खेळाडूंमध्ये निघाला. तेव्हा जॉन कॉलिन्स या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याने तिन्ही परीक्षा एकाच दिवशी घेण्याची सूचना केली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण शर्यतीस उभे राहिले. त्यांपैकी १२ जणांनी ती पुरी केली. तिला 'आयर्नमन', म्हणजे लोहपुरुष, हे नाव मिळाले. तिच्या निम्म्या अंतराची शर्यत ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात पणजीजवळील मिरामारच्या किनाऱ्यावर झाली. भारतीय सेनेतील बिश्वरजित सैखोम यांनी ती पावणेपाच तासांच्या आत जिंकली. तथापि अशा शर्यतींतील बहुतेक स्पर्धक हौशी असतात. कचेरी, दवाखाना, शाळा किंवा शेती सांभाळून, सूर्योदयापूर्वीच्या वेळात ते तयारी करतात.

खानदेशातील हौशी स्पर्धकाला मेहरूण तलावाकाठी धावता येते. लळिंगच्या पायथ्याकडील रस्त्यावर सायकल चालविता येते. परंतु तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या या प्रदेशात समुद्र नाही. पन्नास मीटरांच्या जलतरण तलावाची लांबी ३८ वेळा कापली, की १.९ किलोमीटर होतात. तेथे तळाशी सरळ रेघ असते आणि थकल्यास काठाला हात टेकता येतो. समुद्रात मधूनमधून मान उचलून खुणेचा बोया पाहावा लागतो; नाहीतर दिशा चुकते. खाऱ्या पाण्यात शरीर अधिक तरंगते, एवढाच दिलासा असतो. पोहणे प्रारंभीच ठेवण्यामागे मोठा विचार आहे. थकलेला मनुष्य रस्त्याच्या कडेला बसू शकतो. भर पाण्यात त्याला बसता येत नाही.

दुसरी कसोटी हवेची. उन्हात वाढलेल्या खानदेशच्या माणसाला गोव्याचे ऊन सौम्य वाटते आणि येथेच तो फसण्याचा संभव असतो. खानदेशचा उन्हाळा कोरडा असतो. घाम चटकन वाळतो आणि वाळताना शरीरातील उष्णता घेऊन जातो. समुद्रकाठच्या दमट हवेत घाम निथळतो, पण वाळत नाही; त्यामुळे पारा खाली असूनही शरीर तापत जाते. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. केवळ साधे पाणी फार प्यायल्यास रक्तातील मिठाचे प्रमाण घटून धोका उद्भवतो. म्हणून जाणता स्पर्धक ठरावीक वेळाने थोडे पाणी, थोडे मीठ आणि थोडे अन्न घेतो. जळगावच्या मळ्यांतील ओळखीचे केळे अशा वेळी मोठे उपयोगी पडते.

सायकलीवरून उतरल्यावर तिसरी वाट सुरू होते. तासन्‌तास चक्राकार फिरलेले पाय धावू पाहताच जड होतात. ते आपले नव्हेतच, असे वाटते. म्हणूनच तयारीच्या दिवसांत सायकल चालवून लगेच धावण्याचा सराव करतात. आरंभी उत्साहाच्या भरात वाऱ्यासारखे गेलेले कित्येक जण आता चालू लागतात. प्रथमपासून शक्ती राखून ठेवणारा मात्र संथ गतीने त्यांना मागे टाकतो. कधी भोवळ येते, कधी बुद्धी गोंधळते. अशा वेळी शर्यत सोडून वैद्यकीय मदत घेणे हाच खरा शहाणपणा होय. पुन्हा शर्यतीस येता येते. गेलेला प्राण परत येत नाही.

विजेत्यानंतर तीन तासांनी अंतिम रेषा ओलांडणाऱ्या स्पर्धकाला पहिले बक्षीस मिळत नाही. दोन दिवसांनी तो पुन्हा आपल्या फळ्यापुढे किंवा केळीच्या बागेत उभा असतो. परंतु आपले बळ किती आणि मर्यादा कोठे, हे त्याने स्वतःच्या श्रमांनी जाणलेले असते.

स्वाध्याय
१. या शर्यतीत पोहणे प्रथम का ठेवतात?
२. कोरड्या व दमट हवेचा शरीरावर होणारा निरनिराळा परिणाम स्पष्ट करा.
३. 'शर्यत सोडणे हाही शहाणपणा असू शकतो' या विधानावर आठ-दहा ओळी लिहा.