दवाखान्यात काय बोलावं? : संवादाचा एक पाठ (इयत्ता ४ थी व ५ वी)



आपण मुलांना पत्रलेखन शिकवतो, बाजारातला संवाद शिकवतो. पण दवाखान्यातला संवाद शिकवतो का? आपल्या नांदगाव पेठेतून दुखणं जास्त झालं की माणूस अमरावतीला इर्विनला जातो, बाळंतपणासाठी डफरीनला. तिथं डॉक्टर दोन मिनिटं बोलतात, आजी मान डोलावते, "बरं" म्हणते आणि बाहेर येऊन विचारते, "काय म्हने गा डाक्टर?" मान डोलावणं म्हणजे समजणं नव्हे. म्हणून हा पाठ.

१) दुखणं नेमकं सांगणे

"कसंतरीच होऊन राह्यलं" एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. आपल्या भाषेत दुखण्याचे किती शब्द आहेत बघा : कळ, चमक, ठणका, मुरडा, आग, मळमळ, हुडहुडी. मुलांकडून यादी करून घ्या. मग प्रत्येक शब्दाला चार प्रश्न जोडा : कुठं? कधीपासून? किती वेळ राहते? कशानं वाढते किंवा कमी होते? सुरू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्यायची, हेही सांगा.

२) चिठ्ठी वाचणे

१-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, 'बीडी' दोनदा, 'टीडीएस' तीनदा, 'एचएस' झोपताना, 'एसओएस' गरज पडली तरच. मुलं हे पाढ्यासारखं पाठ करतात! मात्र एक नियम पक्का ठेवा : अक्षर लागलं नाही तर अंदाज बांधायचा नाही, औषधवाल्याला किंवा सिस्टरला विचारायचं.

३) परत सांगणे

हा पाठाचा गाभा. ऐकून झाल्यावर म्हणायचं, "डॉक्टरसाहेब, मला समजलं ते सांगतो, चुकलं तर सांगा." जेवणाआधी की नंतर, पथ्य काय, परत कधी यायचं, काय झालं तर लगेच यायचं, हे सगळं आपल्या शब्दांत बोलून दाखवायचं. यात डॉक्टरांचा अपमान नाही, उलट त्यांचं काम सोपं होतं.

वर्गात जोड्या पाडा : एक डॉक्टर, एक रुग्ण, तिसरा फक्त ऐकणारा. काय सुटलं ते तिसऱ्यानं सांगायचं.

४) मदत कोणाला मागायची?

२ जुलै २०१२ ला राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला अमरावती जिल्हा होता. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. कागद कोणते, उपचार योजनेत बसतो का, हे सांगणं त्याचं कामच आहे. योजनेची हेल्पलाइन १५५३८८, रुग्णवाहिकेसाठी १०८.

सहीचंही सांगा. ऑपरेशन काय, धोका काय, दुसरा उपाय आहे का, हे समजून घेऊनच संमती द्यायची. २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच अधोरेखित केलं. अंगठा लावणाऱ्यालाही हा हक्क तेवढाच आहे.

५) पालकांसाठी खास

मेळघाटातून, धारणी-चिखलदऱ्याकडून येणाऱ्या कोरकू कुटुंबांचा विचार करा. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीपेक्षा पूर्ण वेगळी. अशा घरात शाळेत जाणारं पोरगंच दुभाषी होतं. आपल्याकडेही शिकलेलं लेकरू पुढं केलं जातं. त्यानं चिठ्ठी वाचावी, खोली नंबर शोधावा, इथवर ठीक. पण आईच्या गंभीर आजाराची बातमी दहा वर्षांच्या पोराच्या तोंडून घरच्यांना कळावी, हे बरं नाही. शब्द चुकला तर ओझं त्याच्याच मनावर राहतं. तेव्हा मोठं, भाषा जाणणारं माणूस सोबत न्या. गावातल्या आशाताईला विचारा, नाहीतर रुग्णालयातच सांगा, "आम्हाला आमच्या भाषेत समजावणारं कोणी द्या."

गृहपाठ : घरातल्या एका मोठ्या माणसाची जुनी चिठ्ठी घ्या. कोणती गोळी कधी, ते मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघरात लावा. लावण्याआधी औषध दुकानात किंवा आशाताईकडून तपासून घ्या.

एका आजीची एक गोळी जरी वेळेवर गेली, तरी आपला तास सार्थकी लागला!