मोठ्या आतड्याची वळणे

पाठ्यपुस्तकातील आकृतीत मोठे आतडे चित्राच्या चौकटीसारखे नीटनेटके दिसते: उजव्या बाजूने वर, मग आडवे, मग डाव्या बाजूने खाली. प्रत्यक्षात ते इतके सरळ क्वचितच असते. चेन्नईचे मद्रास मेडिकल कॉलेज १८३५ साली वैद्यकीय शाळा म्हणून सुरू झाले. तेथील विद्यार्थी शवविच्छेदनाच्या मेजाशी उभे राहून हा फरक शिकत आले आहेत. पचनसंस्थेच्या शस्त्रक्रियेला स्वतंत्र शाखा म्हणून रूप देणारे डॉ. एन. रंगभाष्यम याच महाविद्यालयातील. २००२ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला.

प्रौढ व्यक्तीचे मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. त्याचे दोन्ही उभे भाग बहुधा पोटाच्या मागील भिंतीशी जखडलेले असतात. आडवा भाग आणि गुदाशयाआधीचा वाकडा भाग मात्र पातळ पडद्याच्या आधाराने लोंबतात. या लोंबत्या भागांची लांबी माणसागणिक बदलते. गुदद्वारातून लवचीक दुर्बीण घालून आतडे आतून पाहण्याच्या तपासणीला कोलोनोस्कोपी म्हणतात. आतडे लांब व सैल असेल, तर नळी रेटूनही तिचे टोक पुढे जात नाही. आतड्याचा वेढाच मोठा होतो, पडदा ताणतो आणि रुग्णाला कळ येते.

अशा वेळी जाणता डॉक्टर नळी चक्क मागे ओढतो! नेफ्यात नाडी ओवणाऱ्याला यातील मर्म चटकन उमगेल. तेथे कापड चुण्या पाडून मागे सारावे लागते. येथे आतडे नळीवर गोळा होते. वेढा सुटला, की दीड मीटरच्या आतड्याचे दुसरे टोक सुमारे सत्तर ते ऐंशी सेंटिमीटर नळीत गाठता येते. रुग्णाला कुशीवरून पाठीवर वळवणे, परिचारिकेने पोटावर हात दाबून धरणे, हेही त्यासाठीच.

स्त्रियांमध्ये आडवा भाग ओटीपोटापर्यंत उतरलेला अधिक वेळा आढळतो. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर आतडे आजूबाजूला चिकटून वळण ताठर होऊ शकते. म्हणून जुनी शस्त्रक्रिया, कितीही वर्षांपूर्वीची असो, डॉक्टरांना आधीच सांगावी. तपासणी अर्धवट राहिली, तर बहुधा उजवा भाग न पाहिलेला राहतो, आणि गाठ तेथेही असू शकते. मग बारीक नळीने पुन्हा तपासणी किंवा सीटी स्कॅन करून तो भाग पाहावा लागतो.