लेकराचा वियोग आणि ख्रिस्ती सांत्वन

शास्त्रपाठ : २ शमुवेल १२:१५-२४, २ राजे ४:१८-३७, लूक ७:११-१५
सोबत वाचावे : २ शमुवेल १८:३३, योहान ११:३२-३६, १ थेस्सलनीकाकरांस ४:१३-१८



आईबापांना लेकरांनी मूठमाती द्यावी, ही जगाची रीत आहे. ही रीत उलटते तेव्हा त्या घरातले शब्द संपतात. पण भेटीस येणाऱ्यांचे शब्द संपत नाहीत. 'देवाला ते फूल आवडले', 'अजून दोन लेकरे आहेत ना', 'घरात काही उणे घडले असेल', 'विश्वासणाऱ्याने इतके रडू नये', अशी वाक्ये आपल्या मंडळ्यांतूनही ऐकू येतात. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा मायाच असते. तरी दुखावलेल्या आईच्या काळजात अशी वाक्ये वर्षानुवर्षे सलत राहतात. म्हणून अशा प्रसंगी पवित्र शास्त्र खरोखर काय देते, हे या पाठात पाहू.

१. शोक हा अविश्वास नव्हे

लाजराला आपण उठवणार हे प्रभु येशूला ठाऊक होते, तरी कबरेपाशी तो रडला. पुनरुत्थानाची खात्री असलेल्या प्रभूने अश्रू ढाळले, तर आपल्या अश्रूंना अविश्वास कोण म्हणेल? थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिताना पौलानेही शोक करण्यास मनाई केलेली नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नये, एवढेच त्याचे सांगणे आहे.

नाईन गावाच्या वेशीवर प्रभूने त्या विधवेला रडू नको असे सांगितले, हे खरे. पण पुढच्याच क्षणी त्याने तिचा मुलगा तिच्या हाती दिला. ज्याला मुलगा परत देता येतो, त्यानेच तसे म्हणावे. आपल्याला ते सामर्थ्य नाही. म्हणून आपण तसे म्हणू नये.

दाविदाकडे पाहा. तान्हे बाळ गेले तेव्हा तो उठला, स्नान करून परमेश्वराच्या मंदिरात गेला आणि मग जेवला. तोच दावीद अबशालोम गेल्याचे ऐकून वेशीवरच्या खोलीत ऊर फुटेपर्यंत रडला. एकाच बापाने दोन लेकरांसाठी दोन तऱ्हांनी शोक केला. तेव्हा शोकाचे एकच माप सर्वांना लावू नये. एकाच घरात आई रडते आणि बाप मुकाट्याने कामावर जातो, म्हणून बापाला दुःख नाही असेही समजू नये.

२. कारण सांगण्याचे काम आपले नाही

दाविदाचे बाळ त्याच्या पापामुळे गेले, असे शास्त्र सांगते. पण नाथानाने ते देवाच्या प्रकटीकरणाने सांगितले, आणि तेही त्या एका प्रसंगापुरते. या कथेवरून कोणत्याही आईबापांवर बोट रोखणे हा शास्त्राचा दुरुपयोग आहे. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा प्रभूने त्याचेही नाही व त्याच्या आईबापांचेही नाही असे उत्तर दिले (योहान ९:३). ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते त्याचे मित्र शोभले. कारणे सांगू लागले आणि देवाच्या कोपास पात्र झाले.

शुनेमकरणीची कथा याविषयी फार बोलकी आहे. मूल मांडीवर गेले, तेव्हा ती अलीशाकडे धावली आणि तिने त्याचे पाय धरले. गेहजी तिला बाजूला सारू लागला. अलीशाने त्याला आवरले; तिचा जीव कासावीस आहे, आणि परमेश्वराने ही गोष्ट आपल्यापासून लपवून ठेवली आहे, असे तो म्हणाला. देवाच्या संदेष्ट्याला जे ठाऊक नव्हते व तसे म्हणण्याची ज्याला लाज वाटली नाही, ते आपल्याला ठाऊक असल्याचा आव आपण का आणावा?

३. लेकरू कोणाच्या हाती आहे

मूल परत येणार नाही, पण आपण मात्र त्याच्याकडे जाऊ, असे दाविदाने सेवकांना सांगितले. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानामुळे या आशेला भक्कम पाया मिळाला आहे.

बाप्तिस्म्यापूर्वीच बाळ गेले तर काय, असे गोव्यात आपल्याला पुष्कळदा विचारले जाते. उत्तर मार्क १०:१३-१६ मध्ये आहे. लेकरांना कडेवर घेताना प्रभूने त्यांच्याकडून कोणतीही अट पुरी करून घेतली नाही. १६१८-१९ मध्ये हॉलंडातील डॉर्ट येथे भरलेल्या सभेनेही भक्तिमान आईबापांनी बालपणी गेलेल्या आपल्या लेकरांच्या तारणाविषयी शंका बाळगू नये असे ठरवले. २००७ मध्ये रोमन कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरविज्ञान आयोगानेही अशा बालकांविषयी आशा बाळगण्यास आधार आहे असे म्हटले. तेव्हा या भीतीने कोणत्याही आईने झुरू नये.

४. पंडिता रमाबाईंचे शेवटचे नऊ महिने

पंडिता रमाबाईंना मरण परके नव्हते. तरुणपणी दुष्काळात आईबाप गेले, १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती गेले. उरली ती १८८१ मध्ये जन्मलेली एकुलती एक लेक मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढे मनोरमाबाई केडगावच्या मुक्ती मिशनात आईचा उजवा हात झाल्या. आईचे काम त्याच पुढे चालवतील अशी सर्वांची अपेक्षा होती. पण जुलै १९२१ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मिरजेस त्यांचे निधन झाले. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या.

मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्याचे काम त्या वर्षानुवर्षे करीत होत्या. राहेलीचे आक्रंदन, नाईनच्या विधवेचा मुलगा, शुनेमकरणीची धाव, हे सारे त्यांच्याच लेखणीने मराठीत उतरवले. आता ते त्यांच्या स्वतःच्या घरात घडले. त्यांनी काम टाकले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या, तोवर भाषांतराचे काम संपत आले होते.

यावरून दुःखी आईने लगेच कामाला लागावे असा धडा कोणी काढू नये. धडा एवढाच की, सांत्वन म्हणजे दुःख नाहीसे होणे नव्हे. दुःखाच्या जोडीला देव राहतो आणि पुढचा एक दिवस जगण्याचे बळ देतो.

५. मंडळीने काय करावे

आमच्या पाळी-डिचोलीकडे अशा घरी पहिले आठ दिवस माणसांची रीघ असते. हिंदू व कॅथलिक शेजारी येतात, कोणी पेज करून आणतो. खरा रितेपणा त्यानंतर येतो. म्हणून तिसऱ्या महिन्यात जा, वाढदिवसाला जा, वर्षदिनी जा. आणि लेकराचे नाव घ्या. नाव काढले तर आईला वाईट वाटेल असे आपल्याला वाटते. पण जग ते नाव विसरले, हेच तिला अधिक लागते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी दोन सूचना. 'तो फार चांगला होता म्हणून देवाने नेला' असे वर्गात सांगू नका. ऐकणारे मूल चांगले होण्यास भिते. 'तो झोपला आहे' असेही लहानांना सांगू नका. रात्री झोपण्याची त्यांना धास्ती बसते. तो मरण पावला, आपल्याला त्याची आठवण येते, आणि प्रभु येशू त्याला सांभाळतो, असे सरळ सांगावे. मुलांनी विचारले की देवाने असे का केले, तर 'मला ठाऊक नाही' म्हणण्यास शिक्षकाने कचरू नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. अलीशाने गेहजीला का आवरले? आपल्या मंडळीत गेहजीसारखे वागणे कसे घडते?
२. दाविदाने दोन लेकरांसाठी केलेल्या शोकात काय फरक दिसतो?
३. आपल्या मंडळीत लेकरू गमावलेल्या कोणत्या घरी या महिन्यात जाता येईल?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू आपल्या एकुलत्या एका पुत्राचे मरण पाहिले आहेस. रित्या पाळण्याकडे, रित्या बाकाकडे पाहणाऱ्या आईबापांजवळ तू राहा. आमच्या जिभेला आवर घाल, आमच्या पायांना त्यांच्या दाराची वाट दाखव, आणि सर्व अश्रू तू स्वतः पुसशील त्या दिवसापर्यंत आम्हांस एकमेकांना धरून ठेवायला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.