उपचार आईबाबांवर, उतार मुलाला

सकाळी सातला पोट दुखायला लागतं, शाळेची बस निघून गेली की थांबतं आणि रविवारी त्याचं नावही नसतं. असं मूल माझ्याकडे येतं तेव्हा जंतांचं औषध देऊन झालेलं असतं, सोनोग्राफी नॉर्मल आलेली असते आणि आजीने दृष्टही काढलेली असते. मग घरचे म्हणतात, "नाटकं करतो, डॉक्टर." नाटक नव्हे. चिंतेने दुखणारं पोट खरंच दुखतं. मात्र दुखण्याने रात्री जाग येत असेल, ताप असेल, वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि शाळेत कुणी मारतं का, छळतं का, हेही शांतपणे विचारा. तसं असेल तर बंदोबस्त त्याचा करायचा, मुलाचा नाही.

हे सगळं तपासून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला: "याला समुपदेशनाला किती वेळा आणायचं?" तेव्हा मी एली लिबोविट्झ यांच्याबद्दल सांगतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या चाइल्ड स्टडी सेंटरमधले हे मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या 'स्पेस' या उपचारात मुलाला यावंच लागत नाही, येतात फक्त पालक. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ७ ते १४ वर्षांची १२४ चिंताग्रस्त मुलं होती. काही मुलांना स्वतःला सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक बदलण्याचा उपचार मिळाला, तर बाकीच्यांच्या फक्त पालकांवर काम झालं. दोन्ही गटांतल्या मुलांना जवळपास सारखाच गुण आला.

याचं कारण आपल्या घरातच सापडेल. घाबरलेलं मूल आईकडे धावतं आणि आई भीतीची वाटच बंद करते. पाहुण्यांनी नाव विचारलं की तीच सांगते, दहा वर्षांच्या मुलाशेजारी झोपते, "तुला काही होणार नाही ना?" याचं उत्तर दिवसातून पन्नास वेळा देते. मुलाला लगेच बरं वाटतं. पण आपल्याला हे एकट्याने जमत नाही, हेही त्याच्या मनात पक्कं होतं आणि उद्याची मागणी वाढते. दोष मायेचा नाही, पण माया इथे भीतीच्या कामाला लागलेली असते.

घरी सुरुवात करायची तर आठवडाभर फक्त लिहून ठेवा: मुलाच्या भीतीपायी आपण काय काय करतो? त्यातली रोज घडणारी एकच गोष्ट निवडा. शाळेचा हट्ट पहिल्याच दिवशी धरू नका, आधी लहान काहीतरी घ्या, जसं तो पन्नास वेळा विचारला जाणारा प्रश्न. मूल शांत असताना त्याला सांगा, "तुला भीती वाटते हे आम्हाला कळतं. ती तुला झेपेल याचीही खात्री आहे. म्हणून सोमवारपासून त्या प्रश्नाचं उत्तर आम्ही एकदाच देऊ." पहिलं वाक्य गाळलं तर दटावणी होते, दुसरं गाळलं तर नुसती कीव. आणि बदलायचं आहे ते तुमचं वागणं. मुलाकडून शपथ घेऊ नका. सुरुवातीला रडारड वाढेल. तेव्हा आईबाबा ठाम आणि आजोबा मागच्या दाराने हळूच उत्तर देतायत, असं झालं तर सगळं फुकट. म्हणून आजीआजोबांना आधीच विश्वासात घ्या.

औषधांचं काय? अमेरिकेत ४८८ मुलांवर झालेला मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांत सीबीटीने सुमारे ६० टक्के, सर्ट्रालिन या गोळीने ५५ टक्के आणि दोन्ही मिळून ८१ टक्के मुलांना चांगला उतार पडला. नुसत्या बिनऔषधी गोळीवर हे प्रमाण २४ टक्के होतं. गोळीला भिऊ नये, पण ती मानसोपचारतज्ज्ञांनीच सुरू करावी आणि त्यांनीच थांबवावी. शेजारच्या मुलाला लागू पडली म्हणून आणू नये.

शाळा सलग बुडत असेल, खाणं-झोप बिघडली असेल, तर घरच्या प्रयोगात महिने घालवू नका. मूल "मला जगायचंच नाही" म्हणालं, तर त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी तज्ज्ञ गाठा. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतूनही.