गाडी लागते, की गाडीतला धूर?

प्रवासात मूल ओकले की त्याला 'गाडी लागते' असे म्हणून आपण मोकळे होतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. मात्र वाहन जुने असेल आणि मुलांबरोबर मोठ्यांचेही डोके दुखत असेल, तर सायलेन्सरवर संशय घ्यावा.

माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबातील दोन्ही मुले इंदूरहून खंडव्याकडे जाताना घरच्या गाडीत मागे बसून पेंगत, ओकत. त्याच घाटातून बसने गेली तर ठणठणीत राहत. निदानाची किल्ली या एका तपशिलात होती. पुढे गॅरेजमध्ये सायलेन्सरला छिद्र आणि डिकीच्या दाराची रबरी बीडिंग फाटलेली आढळली. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, धूर तेथेच घोटाळतो आणि फटीतून आत ओढला जातो. सामान मावत नाही म्हणून डिकी अर्धी उघडी ठेवून दोरीने बांधण्याची आपली रीत याच कारणाने घातक आहे.

धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. नाकाला जाणवतो तो सोबतच्या अन्य घटकांचा वास. म्हणून वास आला तर शोध घ्यावा. येत नाही म्हणून निर्धास्त राहू नये, आणि अत्तराची कुपी टांगून तो झाकू तर मुळीच नये. हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट आसक्तीने चिकटतो. वजनाच्या मानाने मुले अधिक हवा श्वासात घेतात, त्यामुळे बाधा त्यांना आधी होते. पल्स ऑक्सिमीटरवर येथे विसंबू नये. कार्बॉक्सिहिमोग्लोबिनला तो प्राणवायुयुक्त रक्तच समजतो आणि आकडा उत्तम दाखवतो. रक्ताची को-ऑक्सिमेट्री करावी, तीही लवकर. साध्या हवेत या संयुगाचे प्रमाण सुमारे 4 ते 5 तासांत निम्मे होते, शुद्ध प्राणवायूवर सुमारे दीड तासाच्या आत. अर्थात अहवालासाठी प्राणवायू देणे थांबवू नये.

गळती शोधताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत: धूर पाइपातून कोठे सुटतो, आणि गाडीत कोठून शिरतो. थंड गाडी सुरू करताच इंजिनाजवळ टकटक ऐकू येऊन तापल्यावर ती कमी होत असेल, तर मॅनिफोल्डला तडा किंवा गॅस्केट गेलेली असण्याचा संभव अधिक. पंखा लावल्यावर वास वाढला तर संशय बॉनेटखालचा, कारण बाहेरची हवा घेणारे तोंड बहुधा पुढच्या काचेच्या पायथ्याशी असते. सांध्यांवरील काजळीचे डाग मिस्त्रीला जागा दाखवतात. इंजिन बंद व थंड असताना मागच्या पाइपातून ब्लोअरने हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे; बुडबुडे येतील तेथे गळती. शिरण्याच्या वाटा म्हणजे सडलेला पत्रा, पॅडल व वायरींच्या छिद्रांतील निखळलेली रबरी बुचे, आणि बीडिंग. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे. ती सहज निसटली तर तेथे फट आहे. इंजिन पुढील आसनांखाली असलेल्या जुन्या व्हॅनमधून मुले शाळेत जात असतील, तर त्या झाकणाचे रबरही पाहून घ्यावे.

'पीयूसी आहे ना!' हे उत्तर हमखास मिळते. ती तपासणी पाइपाच्या टोकाशी होते. वाटेत किती धूर सुटला, हे तिला कळत नाही. दोन्ही ठिकाणची दुरुस्ती होईपर्यंत त्या गाडीतून मुलांना नेऊ नये.