गाईची वार का अडकते?

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी व गीर यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' ही दुधाळ गाय तयार केली. अशा गाईचे पुढचे वेत वेळेवर मिळावे, यासाठी व्याल्यानंतर वार (जार) नीट पडणे महत्त्वाचे असते. वार साधारणपणे ८ तासांत पडते. १२ तासांनंतरही न पडल्यास ती अडकली असे समजावे.

वार कशी सुटते?

गर्भाशयाच्या आतील बाजूस ७५ ते १२० मांसल गाठी असतात. वारेचे बारीक तंतू या गाठींच्या खाचांत शिरलेले असतात. कातडीला बळकटी देणारे कोलॅजन हे प्रथिन हा जोड घट्ट धरून ठेवते. वासराचे पोषण याच जोडातून होत असल्याने गाभणकाळात तो घट्टच हवा. वेत जवळ आले की संप्रेरके बदलतात, कोलॅजन तोडणारी विकरे वाढतात, रक्तातील पांढऱ्या पेशीही या कामाला हातभार लावतात आणि जोड सैल होतो.

गाय गाभडल्यास किंवा दिवस भरण्याआधी व्याल्यास ही तयारी अपुरी राहते. 'ई' जीवनसत्त्व व सेलेनियम कमी पडल्यास पांढऱ्या पेशी दुबळ्या होतात. जुळी वासरे, अडलेले वेत व दुग्धज्वर यांतही वार अडकते.

काय करावे?

१) वार हाताने ओढू नये, तिला दगड बांधू नये. कोलॅजनचा जोड न सुटता ओढल्यास तुकडे आत राहतात, गर्भाशयाला इजा होऊन पू होतो व गाय उशिरा गाभण राहते.

२) ताप, चारा न खाणे किंवा दुर्गंधीयुक्त स्राव दिसल्यास त्वरित पशुवैद्यकास बोलवावे. प्रतिजैविक दिल्यास सांगितलेल्या मुदतीपर्यंत दूध विकू नये.

३) व्यायच्या २ महिने आधी गाय आटवावी. हिरवा चारा व क्षार मिश्रण नियमित द्यावे.

४) गोठ्यात गाई वारंवार गाभडत असतील तर ब्रुसेल्लाची तपासणी करून घ्यावी. हा रोग माणसालाही होतो. म्हणून वारेला उघड्या हाताने स्पर्श करू नये. ती चुना टाकून खोल पुरावी, कुत्र्यांना खाऊ देऊ नये. ४ ते ८ महिने वयाच्या कालवडींना या रोगाची लस टोचून घ्यावी. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात या लसीचा समावेश आहे.

वार सुटण्याची तयारी गाभणकाळातच होत असते. म्हणून गाय आटवल्यापासूनच तिच्या खुराकाकडे लक्ष द्यावे.